चोरीचा माग शिवेवर का तुटतो?



गेले काही भाग आपण लढायांबद्दल बोललो. आजचा विषय घरगुती आहे. चोरी. आपली वस्तू चोरीला जाते, आपण ठाण्यात जातो, आणि मग पुढे काय होते? खरे म्हणजे पुढे काहीच का होत नाही? याला मोठा इतिहास आहे. तो सांगण्याआधी माझी एक जुनी गोष्ट सांगतो.

१९८७ साल. मी कॅप्टन होतो. उत्तरेकडच्या पोस्टिंगवरून सुट्टीवर, बायको आणि लहान मुलासह, रेल्वेने पुण्याला निघालो होतो. बर्थखाली साखळीने बांधलेली काळी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात माझे नाव आणि हुद्दा. पहाटे जाग आली तेव्हा साखळी जागेवर होती, ट्रंक नव्हती. आत बायकोचा लग्नातला शालू होता, माझा युनिफॉर्म होता आणि वडिलांचे घड्याळ होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. निवृत्तीच्या दिवशी गावाने वर्गणी काढून त्यांना ते मनगटी घड्याळ दिले होते. मला कमिशन मिळाले त्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या हातातून काढून माझ्या हाताला बांधले. प्रवासात सांभाळून राहावे म्हणून मी ते ट्रंकेत ठेवले होते.

पुढच्या मोठ्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडे गेलो. हवालदाराने विचारले, "साहब, चोरी किस स्टेशन पर हुई?" मी म्हटले, "ते मला ठाऊक असते तर चोर मीच धरला नसता का?" तो हसला. चहा पाजला. आणि ही घटना आमच्या हद्दीतली दिसत नाही, म्हणाला. पुढच्या ठाण्याने मागच्या ठाण्याकडे बोट दाखवले. प्रवास संपला तिथल्या ठाण्याने दोघांकडे दाखवले. शेवटी एका अधिकाऱ्याने तोडगा काढला: "चोरी कशाला लिहिता? 'सामान गहाळ' असा दाखला देतो. तुमच्या ऑफिसला चालेल." मी दमलो होतो, मूल रडत होते. मी सही केली.

आता बघा, पलटणीत एखादी दुर्बीण किंवा कंपास हरवला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. कोणाच्या ताब्यात होता, शेवटी कोणी पाहिला, जबाबदार कोण, हे सगळे कागदावर येते. मी स्वतः अशा कितीतरी चौकशा केल्या होत्या. पण माझ्या वडिलांचे घड्याळ चोरीला गेले तेव्हा मी 'गहाळ' या शब्दाखाली सही केली. त्या सहीने चोर सुटला आणि तिन्ही ठाणीही सुटली. ती सही मला अजून टोचते.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा मी याच प्रश्नाच्या मागे लागलो. चोरीची जबाबदारी या देशात आजवर कोणी घेतली, आणि ती कधी सुटली?

पाऊल जिथे थांबेल, ते गाव

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने याचे उत्तर अगदी रोखठोक दिले आहे. गौतम धर्मसूत्र सांगते की राजाने चोरीचा माल मिळवून मालकाला परत द्यावा, आणि मिळाला नाही तर स्वतःच्या खजिन्यातून भरपाई द्यावी. विचार सरळ आहे. राजा कर घेतो तो रक्षणासाठी. रक्षण झाले नाही तर नुकसान त्याचे.

याज्ञवल्क्य स्मृती आणखी पुढे जाते. चोरी गावाच्या हद्दीत झाली तर गावाने भरपाई द्यावी. नाहीतर चोराचे पाऊल ज्या गावात जाईल त्या गावाने. चोरी गावांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाली तर आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून. पाऊल या शब्दाकडे लक्ष द्या. आपल्या भाषेतला 'माग' तो हाच. 'माग काढणे' म्हणजे मुळात जमिनीवरची पावले शोधत जाणे. चोरीचा तपास आणि चोरीची जबाबदारी, दोन्ही पावलाबरोबर चालत. शिवेपर्यंत माग नेऊन दाखवला की तुमचे गाव सुटले. पुढच्या गावाने तो उचलायचा. ज्या गावाला तो आपल्या शिवेबाहेर नेऊन दाखवता आला नाही, त्याने पैसे मोजायचे.

हे फक्त पोथीत राहिले नाही. मराठी मुलखात पेशवाईच्या अखेरपर्यंत ही व्यवस्था चालू होती. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो: गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर, आणि त्याच्या हाताखाली रामोशी किंवा भिल्ल जागल्या. चोरी झाली की जागल्याने चोर शोधायचा. माग शेजारच्या गावात गेला तर तिथल्या जागल्याने पुढे न्यायचा. चोर सापडला नाही तर जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची आणि उरलेली गावावर बसायची.

एल्फिन्स्टनने याचे नुसते कौतुक केलेले नाही. ही भरपाई अन्यायाची आहे, असेही तो लिहितो, कारण चोरी थांबवणे कित्येकदा गावाच्या हातात नसते. पूर्ण रक्कम क्वचितच वसूल होई. पण काहीतरी दंड बहुधा होई, आणि जागल्याने किंवा पाटलाने कुचराई केली तर त्याचे इनाम काढून जवळच्या नातेवाइकाला दिले जाई. म्हणजे चोरीचा माग सोडून देणे कोणालाच परवडत नसे.

रामोशांच्या या कौशल्याची माहिती आपल्याला एका फौजी अधिकाऱ्यामुळेही मिळते. मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीचा कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिंटॉश. उमाजी नाईकांना पकडणारा तोच, आणि १८३३ मध्ये रामोशांवर पुस्तक लिहिणाराही तोच. कंपनीने रामोशांचे जुने हक्क आणि कामे काढून घेतली, त्यातून उमाजींचे बंड उभे राहिले, आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. पिढ्यान्‌पिढ्या माग काढणाऱ्यांच्या मागावर सरकार लागले.

गुजरात, सिंध, पंजाबातही हेच होते. तिकडे माग काढणाऱ्याला पगी किंवा खोजी म्हणत. पंजाबात ही रीत इतकी रुजलेली होती की इंग्रजांनी १८७२ च्या पंजाब लॉज ॲक्टमध्ये मागासाठी स्वतंत्र कलमे ठेवली. आणि आम्हा सैनिकांना तर बनासकांठ्याचे रणछोडभाई रबारी, म्हणजे रणछोडदास पगी, माहीत आहेतच. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कच्छच्या रणात त्यांनी आपल्या फौजेला वाट दाखवली. वाळूतल्या पावलावरून माणूस वाचणारी ही विद्या गावच्या चोऱ्यांवर तयार झाली होती.

दोन गावांच्या मधले झाड

हद्दीचे भांडण मात्र तेव्हाही होतेच. शेरशाह सूरीच्या काळातली एक गोष्ट अब्बास खान सरवानीने लिहून ठेवली आहे. इटाव्याजवळ एका माणसाचा खून झाला. जागा दोन गावांच्या भांडणातली. दोन्ही गावे म्हणत, ही जमीन आमची नाही. शेरशाहने दोन माणसे पाठवली आणि सांगितले, त्या जागेजवळचे एक झाड तोडायला लागा. जो अडवायला येईल त्याला धरून आणा. कुऱ्हाड पडताच एका गावचा मुकादम धावत आला. त्याला विचारले, झाडावर कुऱ्हाड पडली ते तुला लगेच कळले, आणि माणसाची मान कापली गेली ते कळले नाही? तीन दिवसांत खुनी हजर करा, नाहीतर जीव तुमचा जाईल. खुनी हजर झाला.

हे प्रकरण खुनाचे, चोरीचे नाही. पण माझ्या ट्रंकेची तीन ठाणी आठवा. स्टेशनच्या पार्किंगचे पैसे, फेरीवाल्याचा परवाना, हे असेल तर हद्द सगळ्यांना ठाऊक असते. चोरी आली की नकाशा हरवतो.

शहरात ही जबाबदारी कोतवालाची. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत स्पष्ट आहे की कोतवालाने चोर आणि माल शोधावा, नाहीतर नुकसानीला स्वतः जबाबदार राहावे. ऐकायला छान वाटते. पण प्रत्यक्षात काय होई ते फ्रेंच प्रवासी थेवेनोने सुरतेत पाहिले. १६६५ च्या सुमारास तिथल्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या घरी २४०० सोन्याच्या नाण्यांची चोरी झाली. नियमाप्रमाणे भरपाई कोतवालावर येणार. कोतवाल सुभेदाराकडे गेला आणि म्हणाला, चोरी खरेच झाली का हे बघायला हवे. या व्यापाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना यातना देऊन विचारायची परवानगी द्या. परवानगी मिळाली. ते ऐकताच व्यापाऱ्याने तक्रार सोडून दिली. पैसे गेले तर गेले.

मंडळी, ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पण ठाण्यात "बिल कुठे आहे? घरातल्याच कोणाचे काम नाही ना? इन्शुरन्ससाठी तर नाही ना?" हे प्रश्न ज्याने ऐकले आहेत त्याला ती जुनी वाटणार नाही. भरपाईचा नियम होता, पण जबाबदारी टाळायची वाटही तिथेच निघाली: तक्रार करणाऱ्यालाच इतके छळा की तो स्वतः परत जाईल.

पावलाच्या जागी कागद आला

१७९३ मध्ये बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने जमीनदारांकडून पोलिसांचे काम काढून घेतले आणि ठाण्याठाण्यावर पगारी दरोगा बसवला. जबाबदारीच्या जागी बक्षीस आले. चोराला शिक्षा झाली तर परत मिळालेल्या मालाच्या किमतीचा दहावा हिस्सा दरोग्याला. परिणाम असा झाला की दरोगा तपासाला आला म्हणजे गावावर दुसरी धाड, असे लोक समजू लागले आणि चोरी झाली तरी लपवू लागले.

पुढे १८५७ झाले, आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया संहिता आली. तिच्या १३९ व्या कलमात नियम होता की ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे आलेली प्रत्येक तक्रार किंवा खबर लिहून घ्यायची. हेच कलम पुढे १५४ झाले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झाले. आपण ज्याला एफआयआर म्हणतो तो हा.

गावाला किंवा एखाद्या जमातीला सरसकट दंड करणे अन्यायाचेच होते, ते गेले हे चांगले झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप गेली. माल परत मिळाला नाही तर कोणाचे काय जाईल, या प्रश्नाला उत्तरच उरले नाही. चोर न सापडल्याने ठाण्याचा एक पैसाही जाणार नव्हता. फक्त एक गोष्ट जाऊ शकत होती: आकडेवारी. नोंदवलेली आणि न उलगडलेली चोरी ठाणेदाराच्या वार्षिक हिशेबात डाग म्हणून दिसू लागली. डाग टाळायचा सोपा उपाय एकच. नोंदच करू नका.

१९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस आयोगाने देशभर फिरून पोलिसांवर कडक अहवाल दिला, आणि आकड्यांवरून अधिकाऱ्याचे काम तोलण्याच्या सवयीवरही बोट ठेवले. स्वातंत्र्यानंतर, १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाला पुन्हा तेच दिसले. हद्द कोणतीही असो, ठाण्याने खबर नोंदवावी आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवावी, अशी शिफारस त्याने केली. ते कलमात उतरायला चाळीसहून जास्त वर्षे लागली. मधल्या काळात, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी, ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणे बंधनकारक आहे. १८६१ पासून कायद्यात असलेली गोष्ट पुन्हा सांगायला घटनापीठ बसवावे लागले.

सापडलेला माल

समजा माल सापडला. तरी तो घरी येतो का? तो मुद्देमाल होतो. उत्तरेत मालखान्यात जातो. तिथे गाड्या गंजतात, साड्यांना वाळवी लागते.

यावर दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला १९७७ चा, बसव्वा पाटील या बाईंनी म्हैसूर राज्याविरुद्ध लढवलेला. त्यांच्या घरी चोरी झाली, दागिने सापडले, आणि पोलिसांच्या ताब्यात असतानाच ते पुन्हा नाहीसे झाले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू सरकारच्या ताब्यात आली म्हणजे ती सांभाळण्याची जबाबदारी सरकारची. योग्य काळजी घेतल्याचे दाखवता आले नाही तर किंमत सरकारने द्यावी. दहा हजार रुपये देण्याचा आदेश झाला. गौतम धर्मसूत्राचा तो जुना नियम, निदान या एका कोपऱ्यात, परत आला.

दुसरा २००२ चा, गुजरातमधील मुद्देमालाच्या प्रकरणातला. न्यायालय म्हणाले, माल ठाण्यात उगीच पडून ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, मालकाकडून हमीपत्र घ्या आणि वस्तू परत द्या. पंधरा दिवस ते एक महिना, याहून जास्त ठेवण्याचे कारण नाही. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज मात्र तुम्हाला करावा लागतो. अर्ज न केल्याने कित्येकांची वस्तू सापडूनही वर्षानुवर्षे गोदामात पडून आहे.

वॉचमनचा फोन

आता शेवटची गोष्ट. मी राहतो त्या शहरात आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन आहे, बिहारचा तरुण मुलगा. २०२४ च्या पावसाळ्यात, नवे कायदे आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, बसमध्ये त्याच्या खिशातून फोन गेला. फोन नऊ हजारांचा, सात महिने जुना. त्यात गावी पैसे पाठवायची सोय होती आणि गेलेल्या आईचे फोटो होते. तो ठाण्यात गेला, तर हातात 'मोबाइल गुम' असा कागद देऊन परत पाठवला. तो कागद मी पाहिला आणि मला १९८७ ची सही आठवली.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. युनिफॉर्म नाही, मेडल नाहीत, साधा पांढरा सदरा. ठाण्याचे मुन्शी नम्र होते. म्हणाले, "कर्नल साहब, बस किस इलाके में थी, यही पता नहीं." मी म्हटले, "मुन्शीजी, आता कलम १७३ मध्येच लिहिले आहे, हद्द कोणतीही असली तरी नोंद इथे होईल." मग ते म्हणाले, "ठीक है, फोन जुना आहे, किंमत चार हजार लिहू." मंडळी, इथे सावध राहा. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चार हजार हा आकडा लिहिला की माग तिथेच तुटला. मी बिल पुढे ठेवले. मुलाने अर्जात स्वतःच्या हाताने लिहिले: 'चोरीला गेला'. 'गुम' नाही.

नोंद झाली. त्याच प्रतीवर आम्ही संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर फोन बंद करून घेतला. ही व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक म्हणजे आजचे पाऊल. चोराने नवे सिम घातले की ते पाऊल उमटते आणि खबर पोलिसांकडे जाते. पण पाऊल उमटून उपयोग नाही, ते उचलणारा जागल्या लागतो. दर पंधरा दिवसांनी मुलगा ठाण्यात जाई, तपास अधिकाऱ्याला भेटे, तारीख वहीत लिहून ठेवी. पाचव्या महिन्यात फोन सापडला. काच फुटलेली होती. आईचे फोटो होते.

तुमच्यावर वेळ आली तर काय कराल, ते थोडक्यात सांगतो. अर्जात 'चोरी' हाच शब्द लिहा. बिल, सिरीयल नंबर, आयएमईआय, फोटो आजच काढून ठेवा. वस्तू गेल्यावर ते शोधू नका. किंमत पुराव्यासह स्वतः लिहा. खबर ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. साध्या चोरीत ठाणे वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकते, तेव्हा ती चालू आहे का ते विचारा. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेत. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणे आता पोलिसांना बंधनकारक आहे. नव्वदाव्या दिवशी पत्र द्या आणि पोच घ्या. आवाज चढवू नका. त्या ठाण्यात माणसे कमी आहेत, बंदोबस्त, व्हीआयपी, सण, सगळे त्यांच्याच डोक्यावर आहे. मी फौजेत होतो, कमी माणसांत जास्त काम म्हणजे काय ते मला कळते. पण नोंद करायला जास्त माणसे लागत नाहीत.

जुन्या काळी माग शिवेपर्यंत नेऊन दाखवायचे काम जागल्याचे होते, आणि तो चुकला तर त्याचे इनाम जाई. आज इनाम कोणाचेच जात नाही. म्हणून निम्मे जागल्याचे काम आपल्यावर आले आहे. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. आहे हे असे आहे.

वॉचमनने फोन दाखवायला आणला त्या दिवशी बायको सहज म्हणाली, "तेव्हा तुम्ही सही केली नसती तर?" मी काही बोललो नाही. वडील आता नाहीत. घड्याळ गेल्याचे मी त्यांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "रिपोर्ट केलास ना?" मी "हो" म्हणालो होतो.

जय हिंद.